मदत हवी आहे: दोन मॉनिटर जोडले की कॉम्प्युटर चालूच होईना गेलाय

अल्बमवाला, गंगाखेड (सकाळी ९:५०)

दोन मॉनिटर जोडले की कॉम्प्युटर चालूच होईना गेलाय. एकच जोडला की एकदम ओके. विंडोज परत टाकून झालं, रॅम काढून खोडरबरने घासून बसवली, फरक शून्य. आज संध्याकाळपर्यंत लग्नाचा अल्बम लॅबला पाठवायचाय. १२×३६ इंची अर्धी पानं अजून बाकी आहेत आणि नवरीचे वडील सकाळपासून फोनवर फोन करायलेत. ज्यांना खरंच माहीत आहे त्यांनी लवकर सांगा.

पाटीपेन्सिल, परभणी (१०:०४)

आमच्या शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये असाच प्रकार झाला होता. व्हायरस निघाला. फोटोवाल्यांकडे गावभरचे पेनड्राइव्ह येतात, व्हायरस येणारच. नुसतं विंडोज परत टाकून भागत नाही. सगळे पार्टिशन उडवा, कोरी हार्डडिस्क करा आणि मग विंडोज टाका.

हिमरू, छत्रपती संभाजीनगर (१०:११)

सर, सगळे पार्टिशन उडवले तर लग्नाचे फोटो कुठून आणायचे त्यांनी? घाईत असलेला माणूस खरंच तसं करून बसेल, म्हणून लिहिते. अल्बमवाला दादा, काहीही फॉरमॅट करू नका. एका मॉनिटरवर मशीन नीट चालतं म्हणजे विंडोज धडधाकट आहे. आता एकच मॉनिटर लावा, सगळ्या फोटोंची कॉपी बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या, पानं पुढे न्या. दुखणं काय आहे ते त्यानंतर बघू.

अल्बमवाला (१०:१५)

ताई, एकावर काम ओढत नाही म्हणून तर दुसरा आणला. एकावर पान उघडं, दुसऱ्यावर फोटोंचं फोल्डर. घरचे लोक शेजारी बसून हा घ्या, तो नको, आत्याचा कुठंय असं सांगतात. सारखं खिडकी बदलत बसलं की दिवस जातो. कॉपी आहे माझ्याकडं. मूळ प्रश्नाचं बोला.

रात्रपाळी, नांदेड (१०:२२)

मूळ प्रश्न अर्धाच लिहिलाय तुम्ही. "चालू होत नाही" म्हणजे नेमकं काय होतं? बटन दाबल्यावर पंखे फिरतात का? फिरून थांबतात की फिरतच राहतात? आतल्या मदरबोर्डावर बारीक दिवे असतील तर कोणता पेटून राहतो? आणि कीबोर्डवरचं नम लॉक दाबून बघा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर मशीन चालू झालंय, फक्त चित्र भलत्याच मॉनिटरवर गेलंय. दिवा ढिम्म असेल तर मशीन सुरुवातीलाच अडकलंय. या दोन्हींचे इलाज वेगळे. शिवाय ग्राफिक्स कार्ड कोणतं, कोणता मॉनिटर कोणत्या पोर्टला, केबल कुठल्या, तेही लिहा.

अल्बमवाला (१०:२५)

पंखे फिरतात. डिस्प्ले नाही. नम लॉक बघून सांगतो. कार्ड आहे. केबल नेहमीच्याच.

हळदबाजार, वसमत (१०:३१)

एवढ्या चौकशा कामून करायलात? एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय गेलाय, डोळे झाकून सांगतो. कॅबिनेटसोबत जो येतो त्याच्यावर ४५० वॅट लिहिलेलं असतं, तेवढे कधी निघत नाहीत. दोन मॉनिटर म्हणजे डबल लोड. माझ्या आडतीवरचं मशीन असंच मान टाकायचं. चांगला ५५० चा एसएमपीएस टाकला, तेव्हापासून बिनघोर आहे. उगं दिवस घालवू नका, परभणीला गाडी काढा आणि घेऊन या.

हिमरू (१०:३६)

भाऊ, मॉनिटर आपली वीज भिंतीतल्या सॉकेटातून घेतो, सीपीयूच्या एसएमपीएसमधून नाही. दुसरा मॉनिटर जोडल्याने कार्डावर पडला तर किरकोळ फरक पडतो. एसएमपीएस कमजोर असता तर फोटोशॉपमध्ये जड पान सेव्ह करताना मशीन बंद पडलं असतं. त्यांचं मशीन एका मॉनिटरवर दिवसभर चालतंय. उगाच खर्चात पाडू नका, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी होईल.

हळदबाजार (१०:३९)

तुम्ही थिअरी सांगायल्या ताई. मी स्वतः बदलून बघितलंय.

केशर_आंबा, केज (१०:४४)

मी तर डेस्कटॉपचा नादच सोडला. लॅपटॉप घेतला, त्याला घरचा टीव्ही जोडतो, झाले दोन स्क्रीन. लाईट गेली तरी काम थांबत नाही. एक विचारायचं होतं, अल्बमच्या एका पानाचं डिझाइनचं काय घेता तुमच्याकडं? आमच्याकडं रेट फार पडलेत.

टेस्टर_काका, जालना (१०:५२)

बाळा, कॅबिनेटच्या पत्र्याला उघडा हात लावल्यावर झिणझिण्या येतात का, एवढं आधी सांग. वायरमनकी करत आयुष्य गेलं, मराठवाड्यातल्या निम्म्या दुकानांत तीन पिनांचं सॉकेट असतं आणि त्याच्या मधल्या पिनेला वायरच नसते. असली तरी आपल्याकडं काळी माती. पावसाळ्यात ओल धरून ठेवते तोवर अर्थिंग लागते. एप्रिल-मे मध्ये जमीन भेगाळली की प्लेटीभोवतीची माती सुटते आणि अर्थिंग नावालाच उरते.

कॉम्प्युटरला त्याचा त्रास कसा होतो ते सांगतो. सीपीयूच्या आणि मॉनिटरच्या पॉवर सप्लायमध्ये फेजकडून आणि न्यूट्रलकडून पत्र्याकडं बारके कपॅसिटर टाकलेले असतात. अर्थ धड नसला की पत्र्यावर शे-सव्वाशे व्होल्ट दिसतात. करंट अगदी थोडा असतो, म्हणून नुसती झिणझिण येते. पण तू केबल लावतोस-काढतोस तेव्हा तेच व्होल्ट पोर्टाच्या पिनांतून वाट काढतात. सीपीयू एका स्विचबोर्डावर आणि मॉनिटर दुसऱ्या स्विचबोर्डावर असेल तर आणखी वाईट. मल्टिमीटर लाव. फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास आलं पाहिजे. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर गेलं तर खड्डा सुकलाय असं समज.

अल्बमवाला (११:०८)

काका, झिणझिण येते. सगळ्यांच्याच दुकानात येते, त्याचं काय घेऊन बसलात. सीपीयू इन्व्हर्टरच्या बोर्डावर आहे, नवा मॉनिटर पलीकडच्या साध्या बोर्डावर.

नम लॉकचा दिवा लागतच नाही. मदरबोर्डावर चार बारके दिवे आहेत, त्यातला व्हीजीए लिहिलेला पेटून राहतो. कार्ड जीटीएक्स १६५०.

रात्रपाळी (११:१२)

हे आधी सांगितलं असतं तर तासभर वाचला असता. म्हणजे मशीन अडकतंय आणि ते कार्डापाशी अडकतंय. रॅम, विंडोज, व्हायरस, हार्डडिस्क सगळं यादीतून काढा. आणि "नवा मॉनिटर" म्हणालात. कधी आणला? कोणत्या केबलने जोडला?

चिपसेट, लातूर (११:२०)

मला माहीत आहे हे काय आहे. कार्डाचं फर्मवेअर, म्हणजे कार्डातच भरलेलं सॉफ्टवेअर. डिस्प्लेपोर्ट (एचडीएमआयसारखाच मॉनिटर जोडायचा पोर्ट) १.३ किंवा १.४ चा मॉनिटर जोडला की जुनी कार्डं चालू होताना काळी पडतात किंवा तिथंच लटकतात. एनव्हिडियाने २०१८ मध्ये त्यासाठी खास अपडेट टूल काढलं होतं. एक मॉनिटर लावून मशीन चालू करा, टूल चालवा, झालं. माझ्या जीटीएक्स १०५० चं तसंच निघालं होतं.

रात्रपाळी (११:२४)

ते टूल मॅक्सवेल आणि पास्कल कार्डांसाठी, म्हणजे ९०० आणि १००० च्या मालिकेसाठी होतं. १६५० त्यानंतरच्या ट्युरिंग पिढीचं आहे, त्याला ते लागत नाही. पण दिशा बरोबर आहे तुमची, डिस्प्लेपोर्टच असणार. अल्बमवाला, केबल?

पाटीपेन्सिल (११:३०)

व्हायरस कार्डात पण शिरू शकतो असं मी वाचलं आहे.

अल्बमवाला (११:४१)

पाहुणे बसलेत समोर, म्हणून वेळ लागला. नवा मॉनिटर २७ इंची, कंपनीच्या लॉटमधला सेकंडहँड. जुना एचडीएमआयला आहे. कार्डाला एचडीएमआय एकच, म्हणून नवा डिस्प्लेपोर्टला लावला. मॉनिटरसोबत केबल नव्हती, बाजारातून साधी घेतली, चांगली जाड आहे. मॉनिटर चांगला आहे, एकटा लावला तर चालतो.

अजून एक. नवा मॉनिटर आणल्यापासून सीपीयू बंद केला तरी आतला लाल ठिपका मिणमिणत राहतो. त्याने काही फरक पडतो का?

हळदबाजार (११:४४)

तो स्टँडबायचा दिवा असतो. सगळ्या बोर्डांना असतो. काही होत नाही.

रात्रपाळी (११:४६)

थांबा. सीपीयूची पिन भिंतीतून काढल्यावरसुद्धा मिणमिणतो का? आणि नवा मॉनिटर एकटा लावला तेव्हा तो कोणत्या केबलने लावला होता?

अल्बमवाला (११:५३)

हो. पिन काढून हातात धरलीय, दिवा तसाच. पाचेक मिनिटं झाली. एकटा लावला तेव्हा जुन्याचीच एचडीएमआय केबल लावली होती.

रात्रपाळी (१२:०५)

मग सापडलं. नीट वाचा.

पिन काढल्यावर बोर्डातले कपॅसिटर थोड्या वेळात रिकामे होतात आणि दिवा विझतो. तुमचा विझत नाही, म्हणजे त्याला वीज दुसरीकडून मिळतेय. दुसरीकडे म्हणजे नव्या मॉनिटरकडून, त्या डिस्प्लेपोर्ट केबलमधून.

डिस्प्लेपोर्टच्या जोडणीत २० पिना असतात. विसाव्या पिनेवर ३.३ व्होल्ट असतात आणि ते दोन्ही टोकांना असतात, कार्डाकडेही आणि मॉनिटरकडेही. ती वीज फक्त छोट्या कन्व्हर्टरसाठी ठेवलेली आहे. त्यामुळे साध्या केबलमध्ये विसावी पिन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जोडायचीच नाही असा नियम आहे, व्हेसा या संस्थेच्या मानकातच तसं आहे. पण स्वस्तातल्या बऱ्याच केबल बनवणारे सगळ्या विसाच्या वीस तारा सरळ जोडून टाकतात. बाहेरून केबल जाड, टोकं चकचकीत, काही कळत नाही.

मग काय होतं, तर सीपीयू बंद असताना मॉनिटर कार्डाला मागून ३.३ व्होल्ट देत राहतो. कार्ड धड बंद नसतं, धड चालूही नसतं. तुम्ही बटन दाबता तेव्हा ते शून्यापासून सुरू होत नाही, बोर्ड त्याची वाट बघत व्हीजीएच्या दिव्यावर अडकून बसतो. एचडीएमआयने हाच मॉनिटर व्यवस्थित चालतो, कारण दोष मॉनिटरमध्ये नाहीच.

आता करून बघा. नव्या मॉनिटरची पिन भिंतीतून काढा. त्याचं समोरचं बटन बंद करून उपयोग नाही, स्टँडबायमध्ये वीज येतच राहते. लाल ठिपका विझला की सीपीयू चालू करा. विंडोज पूर्ण आलं की मग मॉनिटरची पिन लावा.

टेस्टर_काका (१२:११)

अर्थिंग बरोबर असती तर ही वेळच आली नसती. मुलाला केबलच्या नादी लावू नका. झिणझिण येते म्हणतोय तो स्वतः.

रात्रपाळी (१२:१६)

काका, अर्थिंगचं तुमचं सगळं खरं आहे आणि ते त्यांनी करून घ्यायलाच पाहिजे. पण हे ३.३ व्होल्ट मॉनिटरच्या आतूनच तयार होऊन येतात, डीसी आहेत. अर्थिंग कितीही उत्तम असली तरी ते त्या तारेतून येणारच. दोन वेगळे आजार आहेत, एकाच माणसाला झालेत.

अल्बमवाला (१२:१९)

चालू झालं!! पिन काढल्याबरोबर ठिपका विझला. बटन दाबलं, एका दमात विंडोज आलं. मग पिन लावली, दोन्ही स्क्रीन दिसायलेत. रात्रपाळी दादा, लई उपकार. आता रोज असंच पिन काढत-घालत बसायचं का?

केशर_आंबा (१२:२५)

अभिनंदन. पानाचा रेट राहिला सांगायचा.

रात्रपाळी (१२:३१)

आजचा दिवस तसं चालवा, कायमचं नाही. मागून आलेली वीज आज बोर्ड अडवते, पण रोज असंच चाललं तर कार्डाला इजा होऊ शकते. ती केबल पुन्हा वापरू नका.

तपासायची असेल तर मल्टिमीटर बीपवर ठेवा आणि केबलच्या दोन्ही टोकांची विसावी पिन तपासा. बीप वाजला तर केबल चुकीची. पिना फार बारक्या असतात, शिवणकामाची सुई टोकाला धरून लावा, शेजारच्या पिनेला टेकली तर खोटा बीप येतो. विसाव्या पिनेवर चिकटपट्टी लावायचा उपाय काही जण सांगतात, तो करू नका, पट्टी पोर्टात अडकून बसते.

हळदबाजार (१२:३८)

आणि माझं मशीन एसएमपीएस बदलल्यावर कसं काय चालू झालं मग? तिथं तर डिस्प्लेपोर्ट नव्हताच.

हिमरू (१२:४४)

भाऊ, तुमचा एसएमपीएस खरंच गेलेला असेल, कुणी नाही म्हणत नाही. पण तुमच्या मशीनचा आजार तुमचा आणि त्यांच्या मशीनचा त्यांचा. एका मॉनिटरवर चालणाऱ्या आणि दोनवर अडकणाऱ्या मशीनमध्ये आधी केबल आणि पोर्ट बघायचे, कारण ते तपासायला पैसे लागत नाहीत.

चिपसेट (१२:५०)

चांगली केबल परभणीत मिळायची नाही. दुकानदाराला विसावी पिन विचारली तर तो दुसऱ्या गिऱ्हाईकाकडं वळतो. मी तर सिकंदराबादला चेनॉय ट्रेड सेंटरला जातो, देवगिरी एक्स्प्रेसने थेट जाता येतं. कॉम्प्युटरचं पाहिजे ते मिळतं. आपल्या भागाला पुण्यापेक्षा तेच सोयीचं पडतं.

पाटीपेन्सिल (१२:५८)

लातूरहून देवगिरी जात नाही. ती परभणी-नांदेडवरून जाते.

चिपसेट (१:०१)

सर, मी नांदेडला मावशीकडं जाऊन बसतो गाडीत. केबलचं चाललंय.

हिमरू (१:१०)

सिकंदराबादला जायची गरजच नाही. अल्बमवाला दादा, १६५० च्या बऱ्याच कार्डांना एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्टच्या जोडीला डीव्हीआय पण असतो, पांढऱ्या रंगाचा रुंद पोर्ट. तुमच्या जुन्या मॉनिटरच्या मागे डीव्हीआय असेल तर तो डीव्हीआय केबलने लावा आणि एचडीएमआय नव्याला द्या. डिस्प्लेपोर्टचा विषयच संपला. फक्त एक लक्षात ठेवा, या कार्डांवरचा डीव्हीआय शक्यतो डीव्हीआय-डी असतो, त्यातून व्हीजीएचा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या मॉनिटर केबलचा सिग्नल निघत नाही. साधं व्हीजीएचं कनेक्टर लावाल तर काहीच दिसणार नाही आणि परत इथे याल.

अल्बमवाला (१:१४)

आहे ताई, जुन्याला डीव्हीआय आहे. केबल पण पडलीय खोक्यात. जेवण झालं की करतो.

केशर_आंबा (१:३०)

माझ्या टीव्हीला लॅपटॉप जोडला की कडा कापल्या जातात, खालची पट्टी अर्धीच दिसते. त्यावर काही आहे का?

रात्रपाळी (१:३३)

टीव्हीच्या मेनूत चित्राच्या मापाचा पर्याय असतो. १६:९ काढून 'स्क्रीन फिट' किंवा 'जस्ट स्कॅन' करा. आणखी काही असेल तर वेगळा धागा काढा, इथे हरवून जाईल.

अल्बमवाला (संध्याकाळी ५:२०)

केलं. जुना डीव्हीआयला, नवा एचडीएमआयला. बंद करून चालू करून पाहिलं, पिन न काढता सरळ चालू होतंय, ठिपका पण विझतो. पण आता नव्या मॉनिटरवर रंग फिके दिसायलेत. नवरीचा शालू गडद जांभळा आहे, तो राखेतून काढल्यासारखा दिसायलाय. केस काळे दिसायच्या ऐवजी करडे. पानं पाठवू का नको?

हिमरू (५:२६)

पाठवू नका आणि मुख्य म्हणजे त्या स्क्रीनकडे बघून रंग वाढवू नका, नाहीतर छापून आल्यावर शालू काळा ठिक्कर येईल. फोटो ठीक आहेत. एचडीएमआयने जोडलं की कार्डाला कधीकधी समोर टीव्ही आहे असं वाटतं आणि ते रंगांचा पल्ला आखडून पाठवतं, ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५. काळा काळा राहत नाही तो त्यामुळेच. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडा, 'चेंज रिझोल्युशन' मध्ये जा, खाली 'आउटपुट डायनॅमिक रेंज' दिसेल, तिथे 'लिमिटेड' असेल ते 'फुल' करा. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत ब्लॅक लेव्हल असेल तर तीही बघून घ्या. मग जुन्या आणि नव्या स्क्रीनवर एकच फोटो ठेवून शालूचा काठ आणि केसांची बट बघा. दोन्हीकडे बटेतले केस सुटे दिसले की पाठवा.

अल्बमवाला (६:४०)

फुल केलं, शालू आला जागेवर. पानं अपलोडला लावलीत, नवरीच्या वडिलांना फोन करून सांगितलं. ताई, दादा, सगळ्यांचे आभार.

केशर_आंबा, पानाचा रेट इथं नाही लिहीत, मेसेज करतो.

काका, दुकान भाड्याचं आहे. मालक खड्डा खणू देईल का नाही ते माहीत नाही. तोवर काय करू?

टेस्टर_काका, जालना (७:०५)

आधी मीटरपाशी बघून घे, अर्थची वायर आहे का आणि ती कुठं जाते. कित्येकदा खड्डा असतो, वायरच गंजून तुटलेली असते, मग खणायची गरज पडत नाही. खड्डा असेल तर त्यात बादलीभर पाणी ओत, उन्हाळाभर आठवड्याला ओतत जा आणि मल्टिमीटरने परत मोज. आकडा खाली आला तर मालकाला तोच दाखव, कोळसा-मीठ भरून घ्यायला तो नाही म्हणणार नाही. खड्डाच नसेल तर लायसनवाला वायरमन बोलाव, आपल्या हाताने न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडायचा उद्योग करू नको, त्याने माणूस जातो. सीपीयू आणि दोन्ही मॉनिटर एकाच बोर्डावर घे. आणि जोवर हे होत नाही तोवर कोणतीही केबल लावायच्या-काढायच्या आधी दोन्हीकडच्या पिना भिंतीतून काढत जा, म्हणजे पोर्ट तरी वाचतील.